अपडेट, मॉड आणि पाण्याखालचं गाव

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळत होता, पण हापिसातल्या रिलीजच्या धावपळीत सवड मिळत नव्हती. या वीकांताला निवांत आहे, म्हणून बसलो लिहायला. विषय तसा दोन टोकांचा आहे. एक टोक म्हणजे गेममध्ये लोक हौसेने जे मॉड घालतात ते अपडेट आलं की का मोडतात, याचा इतिहास. दुसरं टोक म्हणजे उजनी धरणाकाठचं आमचं गाव. ही दोन टोकं माझ्या बाबतीत एकत्र कशी आली ते आधी सांगतो.

आमचं मूळ गाव करमाळा तालुक्यात, उजनीच्या काठावर. म्हणजे आत्ताचं गाव काठावर. जुनं गाव पाण्यात आहे. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं आणि सोलापूर, पुणे, नगर अशा तीन जिल्ह्यांतली गावं त्याच्या पोटात गेली. धरणाचा एकूण साठा साधारण ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीच्या वरचा साठा मृत. टक्केवारी मृतसाठ्याच्या वर मोजायला सुरुवात होते, त्यामुळे उन्हाळ्यात पेपरात "उजनी उणे चाळीस टक्के" अशा बातम्या येतात. पुण्याच्या मित्रांना हे सांगितलं की ते हसतात, पाणी उणे कसं असेल म्हणून. आमच्याकडे त्यात कुणाला हसू येत नाही. पाणी उणे गेलं की जुन्या गावाचे चौथरे दिसायला लागतात.

२०१९ च्या मे महिन्यातली गोष्ट. दुष्काळाचं वर्ष, पाणी खोल उण्यात गेलेलं. मी इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला, सबमिशनच्या गडबडीत. गावाकडून चुलतभावाचा फोन आला. तो तेव्हा आठवीत होता.

"दादा, माइनक्राफ्ट उघडताना कायतरी विचारतंय. हो दाबू का नको?"

मी विचारलं, "काय लिहिलंय?"

"लई लांबलचक हाय. काहीतरी सापडंना म्हणतंय. पुढं जायचं का असं इचारतंय."

मी प्रोजेक्टचा रिपोर्ट टाइप करत होतो. म्हटलं, "अरे दाब हो. असल्या वॉर्निंगा येतच असतात."

दहा मिनिटांनी परत फोन. या वेळी आवाज रडवेला.

"दादा, गाव गेलं की."

झालं होतं असं, की या पठ्ठ्याने दोन सुट्ट्या खपून माइनक्राफ्टमध्ये आमचं जुनं गाव बांधलं होतं. आबा (आमचे आजोबा) शेजारी खाटेवर बसून सांगायचे आणि हा बांधायचा. वेस इकडे, पार तिकडे, आमच्या घराचं माळवद, नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्या, विहिरीवरची मोट. साध्या ठोकळ्यांत मातीच्या भिंती आणि कोरीव दगड नीट दिसेनात, म्हणून त्याने दोन-तीन मॉड घातले होते. मग एका मित्राचं ऐकून तो गेमच्या १.१०.२ आवृत्तीवरून १.१२.२ वर गेला. त्यातला एक मॉड १.१२.२ साठी कधी निघालाच नव्हता. बनवणाऱ्याने बहुधा नोकरी धरली असावी :) गेमने विचारलं की या मॉडचे ठोकळे मला ओळखू येत नाहीत, तरी पुढे जाऊ का? आणि शहाण्या दादाने फोनवरून हो म्हणायला सांगितलं. गेमने ते सगळे ठोकळे काढून तिथे हवा भरली. झाडं राहिली, नदी राहिली, लाकडी दारं जागच्या जागी उभी. भिंती तेवढ्या गायब.

चूक माझीच होती. इंजिनियरिंगची चार वर्षं होत आली होती आणि मी मेसेज न वाचता हो दाबायला सांगितलं होतं. त्या अपराधी भावनेतून मी या विषयाच्या मागे लागलो, आणि नंतर लक्षात आलं की ही भानगड जवळजवळ तीस वर्षं जुनी आहे.

मुळापासून बघू. मॉड म्हणजे गेम बनवणाऱ्याने नाही तर खेळणाऱ्याने गेममध्ये केलेला बदल. १९९२ साली वुल्फेन्स्टाइन थ्रीडी आला तेव्हा लोकांनी त्याच्या मूळ फाइलींवरच आपली चित्रं आणि नकाशे चढवले. यात गैरसोय अशी की मूळ वस्तू त्यात नष्ट व्हायची. परत मूळ गेम खेळायचा तर नव्याने इन्स्टॉल करा. बनवणाऱ्यांपैकी जॉन कार्मॅकने हे बघितलं, आणि चिडण्याऐवजी पुढच्या गेममध्ये, म्हणजे डिसेंबर १९९३ मध्ये आलेल्या डूममध्ये, त्याची सोयच करून टाकली. नकाशे, चित्रं, आवाज हा सगळा माल वॅड नावाच्या वेगळ्या फाइलीत. तुम्हाला बदल करायचाय? तुमची स्वतःची छोटी वॅड बनवा, गेम सुरू करताना तिचं नाव द्या, मूळ फाइलीला हात लावू नका. तुमची वॅड काढली की गेम होता तसा. आज ऐकायला साधं वाटतं, पण मॉडच्या जगातला पहिला मोठा नियम इथे ठरला: मूळ वस्तूवर लिहायचं नाही, तिच्या शेजारी ठेवायचं.

पण सगळंच वॅडमध्ये नव्हतं. राक्षसाला किती गोळ्या लागल्यावर तो मरतो, बंदूक किती वेगाने चालते, हे आकडे खुद्द प्रोग्रॅमच्या आत, म्हणजे एक्झी फाइलीत होते. १९९४ मध्ये ग्रेग लुइसने डीहॅकएड नावाचं साधन बनवलं. ते थेट एक्झीत शिरून आकडे बदलायचं. कसं? तर "फाइलीच्या सुरुवातीपासून इतक्या अंतरावर जो आकडा आहे तो बदल" या पद्धतीने.

इथे खरी मेख आहे. नॉन-आयटी मंडळींसाठी उदाहरण देतो. समजा पोस्टमनला तुम्ही सांगितलं, "वेशीपासून सतरावं घर, तिथे पत्र टाक." गाव तसंच आहे तोवर पत्र बरोबर पोचेल. पण मधे कुणी एक खोली वाढवली, कुणी भिंत पाडली, की सतरावं घर दुसऱ्याचंच होतं. पोस्टमन प्रामाणिकपणे चुकीच्या घरात पत्र टाकून येतो. प्रोग्रॅमचं तेच. नवीन आवृत्ती काढताना एखादी ओळ जरी वाढली तरी पुढच्या वस्तू सरकतात. मॉड आपला जुन्याच अंतरावर जाऊन लिहितो, आणि तिथे आता भलतंच काही असतं.

डूमच्या आवृत्त्या तर भराभर येत होत्या. १.२, १.६६६, आणि १९९५ मध्ये १.९. म्हणून डीहॅकएडच्या फाइलीत वरच लिहिलेलं असायचं की ही कुठल्या आवृत्तीसाठी आहे. १.९ साठी असेल तर "डूम व्हर्जन = १९". हा मला माहीत असलेला सर्वांत जुना "हे मॉड अमुक आवृत्तीवरच चालेल" असा शिक्का. पुढे डिसेंबर १९९७ मध्ये डूमचा सोर्स कोड खुला झाला, आणि १९९८ च्या बूम या सुधारित आवृत्तीत गेममधले संदेश बदलायला अंतर सांगायची गरज उरली नाही. त्या संदेशाचं ठरलेलं नाव सांगितलं की पुरे. "सतरावं घर" ऐवजी "पाटलांचं घर". सतरावं घर सरकेल, पाटलांचं घर कुठेही गेलं तरी विचारत विचारत सापडेल.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या तालुक्यातल्या गावांच्या नावांची आठवण झाली. केत्तूर नं. १, केत्तूर नं. २. चिखलठाण नं. १, नं. २. वांगीला तर नं. १ पासून पुढे नंबर आहेत. लहानपणी मला वाटायचं हे शाळेतल्या तुकड्यांसारखं काहीतरी असेल. धरणामुळे गावं हलली, विभागली, वेगवेगळ्या जागी बसली, पण कुणी नाव सोडलं नाही. जागा गेली, नाव ठेवलं, पुढे नंबर लावला. पुनर्वसनाला आम्ही इंजिनियर लोक काय म्हणू? व्हर्जनिंग :) विनोद सोडा, पण नाव टिकल्यामुळेच सोयरीक, जत्रा आणि पत्र पत्त्यावर पोचत राहिली.

आता आपल्या पिढीच्या गेमकडे येऊ. माझ्या वयाच्या मराठी मुलांनी मॉड हा शब्द कळण्याआधी जो मॉड वापरला तो बहुतेक ईए स्पोर्ट्सच्या क्रिकेट ०७ चा. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेला हा गेम. ॲशेसचा परवाना होता, पण बऱ्याच संघांचे नव्हते, त्यामुळे खेळाडूंची नावं मुद्दाम वाकडीतिकडी केलेली. ती नावं दुरुस्त करणं हाच पहिला मॉड. मग एप्रिल २००८ मध्ये आयपीएल सुरू झाली आणि दर वर्षी नवीन संघ, नवीन जर्सी, नवीन चेहरे घातलेले पॅच यायला लागले. तालुक्याच्या गावातल्या सायबर कॅफेत पेनड्राइव्हवर ते मिळायचे. ईएने त्यानंतर पीसीसाठी क्रिकेटचा पुढचा गेम काढलाच नाही. तरी २०२० नंतरसुद्धा नव्या हंगामाचे पॅच या जुन्या गेमसाठी निघत राहिले.

एवढं आयुष्य का मिळालं? गेम चांगला होता हे आहेच, पण दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. बनवणाऱ्या कंपनीने त्याला हात लावणं बंद केलं. अपडेट नाही म्हणजे पत्ते सरकत नाहीत. २००८ मध्ये केलेलं साधन दहा वर्षांनीही चालतं. सोडून दिलेला गेम मॉड करणाऱ्याला सगळ्यात सुखाचा, असा हा उलटा हिशोब आहे.

अर्थात गेम थांबला तरी त्याच्या खालची जमीन थांबत नाही. त्या काळच्या पुष्कळ सीडींवर सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं, आणि ते विंडोजच्या आत खोलवर एक ड्रायव्हर बसवायचं. २०१५ मध्ये विंडोज १० ने सुरक्षेच्या कारणावरून तो ड्रायव्हर चालवणं बंद केलं. त्याच वर्षी सप्टेंबरमधल्या अपडेटने जुन्या विंडोजवरही तो बंद पडला. गेम तोच, सीडी तीच, एका रात्रीत चालेना. मायक्रोसॉफ्टचं चुकलं असंही म्हणता येत नाही, कारण त्या ड्रायव्हरमध्ये खरोखरच भोक होतं.

अपडेट मुद्दाम मॉड बंद करायला आलं, असंही एकदा झालंय. जून २००५ मध्ये जीटीए सॅन अँड्रियास पीसीवर आला. बनवणाऱ्यांनी अर्धवट सोडून बंद केलेला एक अश्लील भाग त्यात तसाच पडून होता. 'हॉट कॉफी' नावाच्या मॉडने तो उघडला. अमेरिकेत एवढा गदारोळ झाला की जुलैमध्ये गेमला "फक्त प्रौढांसाठी" असा शिक्का बसला आणि मोठ्या दुकानांनी तो शेल्फवरून काढला. मग १.०१ आवृत्ती आली, आणि तिने तो भाग तर बंद केलाच, पण त्याच्याशी काडीचाही संबंध नसलेले बाकीचे मॉडही अडचणीत आले.

यावर मॉड करणाऱ्यांनी जो उपाय काढला त्याचं नाव डाउनग्रेडर. नवीन आवृत्ती परत १.० करणारा छोटा प्रोग्रॅम. पुढे २०१४ मध्ये काही गाण्यांचे हक्क संपले म्हणून स्टीमवरच्या अपडेटने ती गाणी गेममधून काढली, तेव्हाही लोकांनी हाच रस्ता धरला. सॅन अँड्रियासचे मॉड आजही बहुतांशी १.० च्या पत्त्यांवर लिहिलेले असतात. म्हणजे कंपनीसाठी जी आवृत्ती संपली, तीच खेळणाऱ्यांची अधिकृत आवृत्ती होऊन बसली.

माइनक्राफ्टमध्ये हीच लढाई आकडे आणि नावं यांच्यात झाली. सुरुवातीच्या वर्षांत तिथल्या प्रत्येक ठोकळ्याला आकडा होता. दोन मॉडनी एकच आकडा घेतला की गेम सुरू होईना, मग कॉन्फिगरेशनची फाइल उघडून हाताने आकडे बदलत बसा. पुढे हळूहळू नावं आली. २०१८ च्या १.१३ आवृत्तीने मूळ गेममधले आकडे पूर्ण काढले, फक्त नावं उरली. शिवाय प्रोग्रॅममधली आतली नावं कंपनी मुद्दाम झाकायची, त्यामुळे मॉड करणारे दर आवृत्तीला कुठल्या अक्षरामागे काय दडलंय याच्या याद्या हाताने बनवायचे. २०१९ मध्ये कंपनीने त्या याद्या स्वतःच द्यायला सुरुवात केली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं की जावा आवृत्तीत यापुढे नावं झाकणारच नाही. लोक जे चोरून करत होते ते सरळ करू द्यायला चौदा-पंधरा वर्षं गेली. असो.

पण नावांची यादी असली म्हणजे सुटलो, असंही नाही. स्कायरिमचं उदाहरण घ्या. त्याचे मोठे मॉड एसकेएसई नावाच्या साधनावर उभे असतात. गेमची आवृत्ती जुळली नाही तर ते सुरूच होत नाही, सरळ संदेश देऊन थांबतं (मी त्या दिवशी वाचला नसता असा संदेश). दर अपडेटला प्रत्येक मॉड नव्याने करायला नको म्हणून एकाने ॲड्रेस लायब्ररी बनवली. मॉडने फक्त ओळख क्रमांक सांगायचा, या आवृत्तीत ती वस्तू कुठल्या पत्त्यावर आहे ते लायब्ररी बघेल. गावच्या तलाठ्याचं दप्तरच म्हणा. पण नोव्हेंबर २०२१ मध्ये गेमच्या दहाव्या वाढदिवसाला जे अपडेट आलं, त्यात कंपनीने प्रोग्रॅम तयार करायचा कंपायलरच बदलला. घरं नुसती सरकली नाहीत, काही दोन घरांचं एक झालं, काही फुटली. दप्तर नव्याने लिहावं लागलं. कित्येक जण आजही त्याआधीच्या आवृत्तीवर आहेत.

आणि २०२४ मध्ये तर फॉलआउट लंडन या मॉडची गंमत झाली. गंमत म्हणजे त्यांच्यासाठी नव्हे. काही वर्षं खपून लोकांनी फॉलआउट ४ वर जवळजवळ नवीन गेम उभा केला, २३ एप्रिल ही तारीख जाहीर केली. तेवढ्यात कंपनीने सांगितलं की २५ एप्रिलला मूळ गेमचं मोठं अपडेट येतंय. दोन दिवसांत मोडणारी वस्तू कोण बाहेर काढणार? त्यांनी तारीख पुढे ढकलली. शेवटी मॉड २५ जुलैला आला, आणि बऱ्याच लोकांना तो चालवण्यासाठी आधी मूळ गेम मागच्या आवृत्तीवर न्यावा लागला.

कंपनीला यात खलनायक करायचा मोह होतो, पण ते खरं नाही. अपडेट बहुसंख्यांसाठी असतं. त्यात दुरुस्त्या असतात, नव्या सोयी असतात, त्या खऱ्याच असतात. मॉड करणारा त्या हिशोबात धरलेला नसतो, इतकंच. आमच्याकडे धरणाबद्दल बोलताना हेच होतं. उजनीच्या पाण्यावर जिल्ह्यातला ऊस उभा आहे, सोलापूर शहर पाणी पितं, भिगवणला रोहित पक्षी बघायला लोक येतात. हे सगळं खरं आहे. आणि आबांचं गाव पाण्यात आहे हेही खरं आहे. एका खऱ्याने दुसरं खोटं होत नाही.

आता कामाचं. ही सगळी वर्षं चुका करून मॉडवाल्यांनी दुरुस्तीची जी पद्धत बसवली, ती आम्ही ऑफिसात वापरतो त्यापेक्षा फार वेगळी नाही.

पहिलं, अपडेट यायच्या आधी प्रत काढून ठेवा. नुसत्या सेव्हची नाही, गेमच्या फोल्डरची आणि मॉडच्या मूळ फाइलींचीही. मॉडचं पान कधी नाहीसं होईल सांगता येत नाही.

दुसरं, आपोआप अपडेट शक्य तिथे थांबवा. स्टीमवर "मी गेम सुरू करेन तेव्हाच अपडेट कर" एवढी तरी सोय आहे.

तिसरं, मोडल्यावर सगळे मॉड एकदम उलटेपालटे करू नका. आधी एकही मॉड न घालता गेम चालतो का बघा. मग निम्मे घाला. चालला तर दोषी दुसऱ्या निम्म्यात. परत त्याचे निम्मे करा. ६४ मॉड असले तरी सहा फेऱ्यांत एक सापडतो. प्रत्येक निम्मा वेगवेगळा चालला आणि एकत्र केल्यावरच मोडला, तर भांडण दोघांचं आहे, एकाचा दोष नाही.

चौथं, लॉगमधली पहिली चूक वाचा, शेवटची नाही. शेवटची बहुतेक वेळा पहिलीचा परिणाम असते.

आणि पाचवं, जे माझ्यामुळे राहिलं: मोडलेल्या अवस्थेत उघडून सेव्ह करू नका. बंद करा, बाजूला व्हा, चहा प्या.

माझ्या चुलतभावाने यातलं काहीच केलं नव्हतं, कारण त्याला सांगणाऱ्या माणसालाच ते माहीत नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी पुण्याहून एसटीने गावाला गेलो. सबमिशन गेलं खड्ड्यात. आधी १.१२.२ मध्ये जुनाच मॉड कोंबून बघितला, गेम सुरू होतानाच आपटला. मग दुसऱ्या मॉडचे ठोकळे घालून भिंती परत उभ्या करता येतील का बघितलं. पण कुठे कुठला ठोकळा होता हेच गेमला आता माहीत नव्हतं. तिथे हवा होती, आणि भाऊ त्या हवेत हिंडून दोनदा सेव्ह करून बसला होता.

तिसऱ्या दिवशी मी शेवटी तो संदेश नीट वाचला. मुद्दाम गेमची एक भलतीच प्रत करून तीच परिस्थिती परत आणली आणि ओळ न् ओळ वाचली. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की पुढे जाण्याआधी या जगाची एक प्रत आपोआप काढून सेव्हच्या फोल्डरमध्ये ठेवली जाईल. फोल्डर उघडलं. झिप फाइल तिथेच होती, तीन दिवस. फोर्ज हे साधन ज्यांनी लिहिलं त्यांनी माझ्यासारखी माणसं गृहीत धरली होती.

मग पुढचं सोपं. माइनक्राफ्टच्या लाँचरमधून जुनी आवृत्ती निवडता येते. १.१०.२ घेतलं, त्याचं फोर्ज घातलं. मॉडची मूळ फाइल भावाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये पडून होती, कारण तो तिथून कधीच काही काढत नाही. आळशीपणा कधी कधी कामाला येतो. झिप उघडली, जग सुरू केलं. वेस, पार, माळवद, सगळं जागेवर.

आबांना बोलावलं. ते चष्मा लावून बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "म्हंजे तुमच्यात गेलेलं गाव माघारी आणता येतंय व्हय?"

भाऊ म्हणाला, "आबा, प्रत काढून ठेवली असंल तरच."

त्याच आठवड्यात आम्ही आबांना खऱ्या जुन्या गावाकडे घेऊन गेलो. पाणी उतरलं होतं. तुम्ही पळसदेवचं देऊळ किंवा कुगावचा इनामदारांचा वाडा पाण्याबाहेर आल्याचे फोटो पेपरात पाहिले असतील. आमच्या गावाला तसं भव्य काही नाही. चिखल वाळून भेगा पडलेल्या, शिंपल्यांचा खच, आणि मधेच दगडांच्या ओळी. आबा त्या ओळींवरून चालत होते आणि भाऊ मागून मोबाइलवर टिपून घेत होता. इथे उंबरा, इथे चूल, इथून पायऱ्या. दोन ठिकाणी आबा म्हणाले की तू कंप्युटरात चुकवलंयस, विहीर पाराच्या अलीकडे होती. घरी येऊन त्याने विहीर हलवली.

परतताना आम्ही डिकसळच्या जुन्या पुलावरून आलो. १८५८ साली पुण्याहून रेल्वे डिकसळपर्यंत आली, त्या जुन्या मार्गावरचा हा पूल. धरण झाल्यावर रेल्वेचा मार्ग बदलला, पण पूल उभा राहिला आणि त्यावरून गाड्यांचा रस्ता झाला. नवीन आवृत्तीत जुना भाग वेगळ्या कामाला लावायचा, हेही आमच्या धंद्यात रोज चालतं. मी हे भावाला सांगायला लागलो, तर तो झोपला होता.

आबा २०२१ मध्ये गेले. ते जग आजही १.१०.२ वरच आहे. भाऊ आता कॉलेजला आहे, नवीन आवृत्त्या खेळतो, पण त्या जगाला अपडेट करत नाही. जगाची फाइल, मॉडच्या फाइली, फोर्ज, सगळं त्याच्या लॅपटॉपवर आहे, माझ्याकडे एका हार्ड डिस्कवर आहे आणि काकांच्या कपाटात एका पेनड्राइव्हवर आहे. दर दिवाळीत तिन्ही उघडून बघतो. मागच्या दिवाळीत पेनड्राइव्ह वाचेना, मग नवीन घेतला.

तुमच्याकडे असं काही असेल, तर आज रविवार आहे, एक प्रत काढून ठेवा. आणि कुणी फोनवर विचारलं की हो दाबू का, तर आधी त्याला संदेश पूर्ण वाचून दाखवायला सांगा.